दोघांत एक तिकीट

एसटीत कंडक्टर जवळ आला की हे आधार कार्ड पुढे करतात. मला काही दाखवावं लागत नाही, बाई असणं पुरतं. पासष्ट ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट आधीपासूनच आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं झालं. म्हणजे आमचं दोघांचं मिळून एकच. ‘लग्नाला चाळीस वर्षं झाली, आता कुठे सरकारने आपल्याला एक धरलं,’ हे म्हणाले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. आता ते प्रत्येक कंडक्टरला सांगतात.

यंदाचा आमचा हिवाळा या हिशेबावर उभा राहिला. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, हे पोस्टातून त्याच्या थोडं आधी सुटले. पण ती वर्षं फिरण्याची नव्हती. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. एकाने बाहेर पडायचं तर दुसऱ्याने घरी थांबायचं. बाजार, बँक, लग्नकार्यं, सगळं पाळीपाळीने. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, आणि दिवाळी सरल्यावर एका दुपारी लक्षात आलं की आता आपण दोघंही एकाच वेळी घराला कुलूप लावून निघू शकतो. कुलूप शोधण्यात अर्धा तास गेला. किल्ली नव्हतीच, नवीन आणावं लागलं.

रत्नागिरीजवळ आमचं गाव. आमच्याकडे चारचाकी नाही, पुतण्याकडे आहे. मधल्या वर्षांत कुणाकडे जाणं झालं ते त्याच्या गाडीतून आणि आमच्यापैकी एकाचंच. दारात गाडी लागली की त्याचा एक डोळा घड्याळावर. चहा, पोहे, ‘अगो, एवढ्यात?’, एक फोटो आणि परत. त्याला दोष नाही, त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. पण आमच्या डोक्यातही भेट म्हणजे तेवढंच, असं बसून गेलं होतं. एसटीने निघालो तेव्हाही ठरवून गेलो ते एका रात्रीसाठी.

पहिली फेरी वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, राजापूर तालुक्यात कशेळीच्या अलीकडे एका वाडीत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेले, मुलगा मुंबईला. घरात त्या आणि एक मांजर, कलमांच्या बागेवर राखणीला एक नेपाळी जोडपं. डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळची गाडी धरली. पावस गेलं, पूर्णगडच्या पुलावर आलो तेव्हा मुचकुंदीच्या खाडीत भरती चढत होती आणि पाण्यावर शेवटचं ऊन होतं. पुढे सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान. पावसाळ्यात हिरवागार असणारा कातळ आता वाळक्या गवताने पिवळा पडलेला. मध्येच चिऱ्यांची खाण, मध्येच गडगा आणि गडग्याआड कलमं. ह्यांनी खिडकीतून मोहोर मोजायला सुरुवात केली. पोस्टात टपालाचे गठ्ठे मोजायची सवय आहे त्यांना.

गाडी वस्तीची होती. म्हणजे रात्री गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे सहाला तीच परत निघते. त्या सहाच्या गाडीने परतायचं असं आमचं ठरलेलं. वन्संनी ऐकून घेतलं आणि रात्रीच तांदूळ भिजत घातले. ‘घावणे खाल्ल्याशिवाय कशी जाशील? साडेदहाची आहे की.’ साडेदहाची होती, आम्हीही फळ्यावर पाहिली होती. घावणे झाले, गुळाच्या रसात बुडवून झाले, आणि दहाला आम्ही पिशवी घेऊन फाट्यावर उभे. साडेदहा झाले. अकरा झाले. शेवटी समोरचा दुकानदार म्हणाला, ‘गुरुजी, ती पोरांची गाडी हो. आज रविवार.’

गुरुजी ह्यांना म्हणाला, आणि शिक्षक मी! छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं अशाच गाडीने यायची. साडेदहाची गाडी शाळेची असते आणि रविवारी बंद असते हे मला फळ्यावर वाचावं लागावं, आणि तिथेही मी वार वाचू नये. हे काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परत आलो तर वन्सं ओटीवर सूप घेऊन बसलेल्या, नव्या तांदळातले खडे काढत. ‘आलीस? मी भात तुझ्या हिशेबानेच लावलाय.’ म्हणजे यांना ठाऊक होतं! विचारलं तर मांजराकडे बघत राहिल्या.

दुपारी हे बागेत गेले. आम्ही दोघी ओटीवर. आधी मोहोराचं बोलणं झालं: यंदा थंडी उशिरा पडली, ढग आले की तुडतुडा होतो, फवारणीचा खर्च आंब्याच्या पैशातून वळता होत नाही. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. सूप तेवढं हलत होतं. मग मान वर न करता वन्सं म्हणाल्या, ‘आईचं तू केलंस. नाव ठेवायला जागा नाही. पण एकदा तरी म्हणायचंस गो, वन्सं, महिनाभर येऊन राहा म्हणून.’

मी म्हटलं, ‘मला वाटलं, बाग सोडून तुम्हाला निघता येणार नाही.’

‘विचारलंस?’

नव्हतं विचारलं. चार वर्षांत त्या सात-आठ वेळा आल्या, कधी आजारपणाला, कधी नुसत्या बघायला. दर वेळी मुलाच्या नाहीतर कुणाच्या तरी गाडीतून, दर वेळी तासाभरासाठी. मला वाटायचं, त्यांना थांबायचं नाही. त्यांना वाटायचं, मला कुणी मध्ये लुडबुडलेलं चालणार नाही. तासाभराच्या भेटीत हे कुठून निघणार? चहाचे कप विसळण्यातच तास संपतो. त्या दुपारी मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की खडे संपले तरी आम्ही तेच तांदूळ पुन्हा निवडत होतो.

सोमवारी सहाच्या गाडीने परतलो, अंधारात. कंडक्टर तोच. ‘काल राहिलात काय?’ म्हणाला. ह्यांनी त्यालाही दोघांत एक तिकिटाचं सांगितलं.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. एका रात्रीसाठी निघालो तरी गोळ्या चार दिवसांच्या घ्यायच्या. परतीची वेळ कुणाला सांगायची नाही, कारण सांगितली की सगळे घड्याळ बघतात. गाडीची चौकशी खिडकीत करायचीच, पण गावात उतरल्यावर फाट्यावरच्या दुकानात पुन्हा करायची. शक्यतो तिथूनच सुटणारी गाडी धरायची, वरून येणारी नको, तिचा काही भरवसा नसतो. आणि मागच्या चाकावरची सीट घ्यायची नाही. ही शेवटची शिकवण माझ्या मणक्याने दिली.

जानेवारीत लेकीकडे. ती अलिबागजवळ दिली आहे. महामार्गाच्या कामात तुकड्यातुकड्याने अडकत जाण्यापेक्षा दिवा पॅसेंजर बरी म्हणून रेल्वेने पेणपर्यंत गेलो. रेल्वेत आमची गणती वेगळी. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, तेव्हा तिथे दोघांची दोन तिकिटं. भोके सोडलं की करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर लांब. हे त्या अंधारात रामरक्षा म्हणायला घेतात आणि उजेड दिसेपर्यंत कुठवर पोचली ते सांगतात. कोकण रेल्वे सुरू होऊन पाव शतक उलटलं, १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी पूर्ण मार्ग खुला झाला, तरी आमच्या पिढीला ती अजून नवीनच वाटते. लेकीच्या वेळी बाळंतपणाचं सामान घेऊन मुंबईला एसटीने गेले होते, तो रात्रभरचा रस्ता अजून कमरेत आहे.

लेकीच्या सासरी राहायचं म्हणजे हे अवघडतात. ‘एक रात्र. दुसऱ्या दिवशी जेवायला थांबायचं नाही,’ असं ट्रेनमध्ये तीनदा बजावलं. पण व्याह्यांनी त्याच संध्याकाळी पोपटी लावायचं ठरवून ठेवलं होतं.

आमच्या रत्नागिरीकडे हा प्रकार नाही. भात कापल्यावर तिकडे शेतात वाल-पावटा लावतात, जानेवारीत त्याच्या शेंगा भरतात. बांधावर भांबुर्डी नावाची उग्र वासाची वनस्पती आपोआप उगवते. तिचा पाला मडक्याच्या तळाला घालायचा, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी, आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च ठासायचा. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंबही घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. किती वेळ ठेवायचं यावर व्याही आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात वाद झाला. दर वर्षी होतो म्हणे. शेवटी विहीणबाई उठल्या, हात ओला करून मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज ऐकला आणि ‘काढा’ म्हणाल्या. वाद मिटला.

कागदावर ओतल्यावर जो वास येतो तो शब्दांत धरता येत नाही. धूर, ओवा आणि रानातलं काहीतरी. शेताच्या बांधावर उकिडवं बसून, बोटं भाजून घेत, काळोखात शेंगा सोलायच्या. हे आणि व्याही एकाच कागदावर होते. आठ वर्षांत या दोघांचं बोलणं ‘प्रवास ठीक झाला ना’च्या पुढे गेलं नव्हतं. त्या रात्री कळलं की व्याही तरुणपणी अलिबागला पोस्टात तात्पुरते लागले होते आणि सहा महिन्यांत सोडून शेतीकडे आले. का सोडलं, वरिष्ठ कोण होता, तार कशी यायची, हे सगळं साडेअकरापर्यंत चाललं. आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. चौथीलाही हेच घुटमळत होते, मीच काढलं.

जानेवारीच्या शेवटी कुडाळला भाचीकडे दोन दिवस गेलो. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. घरात मोठा टीव्ही होता आणि आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. तिथून म्हापशाला ह्यांच्या मित्राकडे जायचं होतं, पण आपली सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, पुढे पूर्ण भाडं. ते कळल्यावर ह्यांना मित्राची तेवढी आठवण येईना.

रथसप्तमीला पुन्हा वन्संकडे, या वेळी बोलावणं न येताच. कशेळीला कनकादित्याचा उत्सव असतो. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे जुनं. शिलाहारांच्या काळचा ताम्रपट तिथे जपून ठेवलेला आहे. मूर्ती सौराष्ट्राकडून गलबतातून आली, गलबत इथे अडून बसलं, म्हणून नावाड्याने ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या भाविणीला दृष्टांत झाला, ही कथा वन्संनी देवळाकडे चालताना सांगितली, आणि परतताना पुन्हा सांगितली. दुसऱ्या वेळी गलबत थोडं मोठं झालं होतं.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा लांबचा पल्ला घेतला: गुहागर तालुक्यात माझ्या दादाकडे आणि तिथून वेळासला कासवं बघायला. चिपळूणवरून गेलं तर सरळ पडतं, पण ह्यांना खाड्यांवरून जायचं होतं. जयगडपर्यंत एसटी, तिथून फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळ, मग पुढे एसटी. कागदावर अगदी नीट बसत होतं. प्रत्यक्षात जयगडच्या धक्क्यावर मोटारींची रांग लागलेली. आम्ही पायी, आम्हाला रांग नव्हती, पण बोट गाड्या भरल्याशिवाय कशी सुटणार? तवसाळला उतरलो तर एसटी नुकतीच गेलेली. तिचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. पुढची तीन तासांनी.

बसून राहिलो. मी डब्यातली आंबोळी काढली. पाण्यावर कुरव पक्ष्यांचा थवा तरंगत होता. थंडीचे पाहुणे, उन्हाळा लागला की जातात. अर्ध्या तासाने मासळी पोचवून परतणारा एक रिकामा टेम्पो आला. पोरगा म्हणाला, ‘काकी, बसा पुढे, पण वासाला नाव ठेवायचं नाही.’ पैसे घेतले नाहीत. दादाच्या अंगणात उतरलो तेव्हा वहिनीने आधी आम्हाला न्हाणीत पाठवलं, मग पाया पडू दिलं.

दादाकडे चार दिवस. ओल्या काजूगरांची उसळ दोनदा, फणसाच्या कुयरीची भाजी एकदा. बाकी वेळ दादा आणि मी वडिलांच्या जमिनीच्या कागदांवर भांडलो. हे भांडण वीस वर्षं राहून गेलं होतं, आणि ते झालं हे बरं झालं. मिटलं असं नाही, पण निदान कोणत्या गटाबद्दल भांडतोय हे दोघांना कळलं.

तिथून धोपावे, दुसरी फेरीबोट, वाशिष्ठी ओलांडून दाभोळ, मग दापोली, मंडणगड आणि संध्याकाळी वेळास. नाना फडणविसांचं हे मूळ गाव. पण आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. पूर्वी इथली अंडी कुत्री-कोल्ही उकरायची, माणसंही काढून न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. उतरण्याची सोय गावातल्या घरांतूनच होते. आमच्या घरमालकीणबाई भाकऱ्या थापता थापता सांगत होत्या: मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि जाते. परत म्हणून बघायला येत नाही. मग पहाटे पोरं माग काढत जातात, अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तशाच खड्ड्यात ठेवतात आणि पन्नासेक दिवस राखण करतात.

‘रोज?’ ह्यांनी विचारलं.

‘रोज. न चुकता,’ त्या म्हणाल्या. हे पुढे काही बोलले नाहीत. आम्हा दोघांनाही ‘रोज’ म्हणजे काय ते माहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी कुंपणातली टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू. दुसरी उचलली, तीही तशीच. मुंबईहून आलेली मंडळी हिरमुसली, दोघा-तिघांनी तर राखणदारालाच जाब विचारला, जणू त्यानेच पिल्लं लपवली. रात्री मुंबईला परतायचं होतं त्यांना. आम्हाला कुठेच परतायचं नव्हतं. सकाळी सातला पुन्हा गेलो. टोपलीखाली वाळू हलत होती. अकरा निघाली, हाताच्या अंगठ्याएवढी, काळसर. पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडली, दोरीच्या अलीकडे आम्ही. लाट यायची, एखादं पिल्लू उचलून परत मागे टाकायची, ते उलटं व्हायचं, पाय मारून सुलटं व्हायचं आणि पुन्हा पाण्याकडे. सर्वांत शेवटच्याला बराच वेळ लागला. हे मोजत होते. ‘अकरा,’ म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. वाळू गेली असेल डोळ्यात.

घरी आलो तोवर शिमगा तोंडावर. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली, मग घरोघर फिरायला निघाली. आमच्या वाडीचा दिवस ठरला तशी मी अंगण सारवून घेतलं आणि वन्संना फोन केला. माहेरवाशिणीने ओटी भरायची असते. म्हटलं, ‘वन्सं, महिनाभर येऊन राहा.’

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, ‘बागेत आंबा काढायला येतोय गो. एक रात्र येईन.’

‘गाडी पाठवतो,’ हे मागून ओरडले. ‘नको,’ त्या म्हणाल्या, ‘मी माझी येईन.’

आल्या त्या एसटीने, एकट्या, हातात पिशवी आणि पिशवीत सोलून आणलेले ओले काजूगर. पायरीवर बसून आधी बटव्यातून घडी केलेलं तिकीट काढलं आणि भावाच्या हातावर ठेवलं. पंचाहत्तरच्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, हे त्यांना आम्हीच सांगितलं होतं. तिकिटावर रकमेच्या जागी शून्य. ह्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, उलटून पाहिलं.

‘म्हणजे तिघांत मिळून एकच की,’ म्हणाले.

संध्याकाळी ढोल-ताशे वाडीत शिरले. पोरांनी अंगणात पालखी नाचवली, गाऱ्हाणं झालं, ‘होय महाराजा’ झालं. वन्संनी ओटी भरली. त्यांचा हात थरथरत होता, नारळ मी धरला. पालखी पुढच्या घरी गेली तरी अंगणात गुलाल तसाच होता.

रात्री त्यांनी विचारलं, ‘सकाळी दहाची गाडी आहे ना रे इथून?’

‘सणाची नसते,’ हे म्हणाले.

होती. मी काही बोलले नाही. काजूगर पाण्यात घातले आणि मोठं पातेलं खाली काढलं.